अष्टमीची कुमारिका

"हलू नकोस," आई म्हणाली. "सुटलं तर सगळ्यांच्या देखत सुटेल."

न्हाणीघरात अजून उजाडलं नव्हतं. आई माझ्यासमोर उकिडवी बसून नाडी आवळत होती आणि मी छताकडे बघत होते. खाली बघायची मला शिसारी यायची. खाली म्हणजे माझंच अंग. जुन्या लुगड्याची जाड घडी, तिला नाडी, वर चड्डी, त्यावर परकर. चालताना मांड्यांना घासायचं, बसताना टोचायचं. ही तिसरी वेळ होती. मी चौथीत होते आणि मला नऊ वर्षं पुरी झाली होती.

"आई, वास येतोय."

"नाही येत."

"येतोय. मला येतोय."

"मळीचा असेल."

मळीचा तर होताच. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. क्वार्टरच्या मागून ओढा जायचा आणि त्यात दारूभट्टीचं काळं पाणी सोडलेलं असायचं. त्यावर फेस यायचा, कधी मेलेले मासे यायचे. बाहेरून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला त्यांचं हसू यायचं. पण मळीचा वास कुठला आणि माझा कुठला, हे मला चांगलं कळत होतं. त्या वर्षी माझ्या अंगाला एकाहून एक घाणेरडे वास यायला लागले होते. काखेत कांद्याचा वास. केस दुसऱ्या दिवशीच तेलकट. नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या. छातीला धक्का लागला की कळ जायची, तर मला वाटलं गळू झालंय. काखेतले केस तर मी अप्पांच्या कात्रीनं कापले होते आणि ते कागदात गुंडाळून ओढ्यात टाकून आले होते. वर्गातल्या बाकीच्या मुली काडीसारख्या, स्वच्छ, कोरड्या होत्या. माझंच काहीतरी दूध नासल्यासारखं झालं होतं. मी आतून नासत चालले आहे, अशी माझी पक्की खात्री होती.

पहिल्यांदा झालं तेव्हा आई घाबरली नाही की रडली नाही. तिनं दाराला कडी घातली आणि म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. आत्याला तर नाहीच नाही."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेन तोपर्यंत."

तिला स्वतःला पाळी अकराव्या वर्षी आली होती. ज्या दिवशी आली त्या दिवशी शाळा सुटली ती सुटलीच. पाचवीत पहिली आलेली पोर, पण तिला पुढचं पुस्तक कुणी आणून दिलं नाही. हे ती मला सांगायची तेव्हा रागानं सांगायची नाही. भाजी निवडता निवडता सांगायची.

आमच्या घरात विटाळाचं फार होतं आणि ते सगळं आत्याचं होतं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्याकडेच. पाळी आली की बाईनं मागच्या पडवीत गोणपाटावर बसायचं. ताट लांबून सरकवायचं. पाणी वरून ओतायचं. कुणी शिवायचं नाही. अप्पा कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, बीएस्सी झालेले, पण घरात आत्याच्या शब्दाबाहेर जायची त्यांची हिंमत नव्हती.

आणि तीच आत्या माझ्यावर मात्र जीव टाकायची. मी दोन वर्षांची असल्यापासून नवरात्रातल्या अष्टमीला ती नऊ कुमारिकांचे पाय धुवायची आणि पहिला पाट माझा असायचा. मला ती 'माझी भवानी' म्हणायची. पाय धुतलेलं पाणी ती तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून प्यायची. त्या एका दिवशी आख्ख्या कॉलनीत माझ्याएवढं मोठं कुणी नसायचं. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"आता ऐक," आई नाडीची गाठ पक्की करत म्हणाली. "तू नेहमीसारखी पाटावर बसायचंस. फार हलायचं नाही. जेवण झालं की लगेच माझ्याकडे मागच्या दारी यायचं. मी तिथंच आहे."

"तिथं का?"

"मी बसणार आहे आज."

"तुला पण आलीय?"

ती हात धुवायला वळली. "हो."

मला आणखीच कसंतरी झालं. आम्हा दोघींना एकाच दिवशी, एवढ्याशा घरात. मी तिच्यापासून जरा लांब सरकले. तिच्या ते लक्षात आलं असणार. मागच्या दारातून बाहेर जाऊन तिनं तिथूनच हाक मारली, "वन्सं, मी बाहेर झाले."

स्वयंपाकघरात झाकण आपटल्याचा आवाज आला.

"आज? अष्टमीला?" आत्या दारात आली. "अगं इंदू, घट बसायच्या आधी तर उठलीस तू! नऊ पोरी जेवायच्यात, पुरण शिजायचंय, ते मी एकटीनं ओढू होय?"

"काय करू वन्सं, माझ्या हातात आहे का?"

"तुझ्या हातात नाही म्हणूनच मिरजेला न्यायचं ठरवलंय. पोरीला शिवलीस का?"

"नाही."

आई खोटं बोलली, सरळ तोंडानं.

मिरजेचं मला माहीत होतं. आई श्रावणापासून महिन्यात दोन-दोनदा पडवीत बसत होती. आत्यानं तालुक्याच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि त्यांनी आईला न बघताच सांगितलं, की पिशवी बिघडली असेल, काढून टाका, एक मूल आहे ना, झालं तर मग. अप्पांनी रजा टाकली होती. दसरा झाला की शनिवारी जायचं होतं. आई त्यावर हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. मला रात्री झोपताना आईच्या पोटातली ती पिशवी दिसायची, भाजीच्या ओल्या पिशवीसारखी लिबलिबीत, आणि मी पांघरुणात तोंड दाबून धरायचे. तिचीच बिघडलीय म्हणजे माझीही बिघडलेली असणार. ही घाण मला तिच्याकडूनच आलीय, असं मला वाटायचं आणि मला तिचा राग यायचा.

"ये, उटणं लावून न्हाऊ घालते," आत्या मला म्हणाली.

"मी करते एकटी."

"दरवर्षी मी घालते ना?"

मी कडी घातली. बाहेर आत्या हसली. "लाजायला लागली गं माझी भवानी!" आत मी तांब्यानं भिंतीवर पाणी मारत राहिले, नुसतं आवाजासाठी. तोंड आणि पाय तेवढे धुतले.

दहाच्या सुमारास पोरी आल्या. बाहेरच्या खोलीत घटासमोर नऊ पाट मांडले होते. उदबत्ती, हळद, तूप, पुरण, झेंडूच्या सुकलेल्या माळा, आणि खिडकीतून येणारी मळी. सगळ्याचा मिळून असा काही वास झाला होता की मी तोंडानं श्वास घ्यायला लागले. शेजारच्या पाटावर चार वर्षांची सोनल बसली होती. ती नाकात बोट घालून जे निघेल ते निरखून बघत होती. तिच्याकडे बघून आत्याला किळस येत नव्हती. उलट तिनं पदरानं तिचं नाक पुसलं आणि तिचा मुका घेतला.

मदतीला शेजारच्या नाडगौडा काकू आल्या होत्या. त्यांचे मिस्टर कारखान्यात इंजिनियर. आवाज मोठा, अंगावर दागिने, आणि बाजारात वांगी पारखावीत तसं माणसांकडे बघायची सवय. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"केवढी थोराड दिसायला लागली हो ही! आक्का, हिला यंदा बसवताय?"

"नऊचीच आहे," आत्या परात पुढं ओढत म्हणाली. "दहापर्यंत चालतं."

"वयाचं नाही म्हणत मी." काकूंनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा नेहमीचा. "तसलं काही नाही ना अजून?"

मी घटाकडे बघत बसले.

"छे हो!" आत्या म्हणाली. "तसलं झालं असतं तर मला कळायचं राहिलं असतं? या घरात मागच्या दोरीवर काय वाळतंय ते माझ्या नजरेतून सुटत नाही."

"दोरीवर काय, तुमच्या इंदूवहिनींचंच वाळत असतं बारा महिने," काकू म्हणाल्या आणि दोघी खळखळून हसल्या. मागची पडवी स्वयंपाकघराच्या पलीकडेच होती. आईला ऐकू जात असणार.

आत्यानं माझा उजवा पाय परातीत घेतला. तिनं आधी दूध ओतलं, मग कोमट पाणी. तिचा अंगठा माझ्या बोटांच्या बेचक्यांतून फिरत होता. दूध गढूळ होत होतं, त्यावर मातीचे कण तरंगत होते. दरवर्षी मला यात गुदगुल्या व्हायच्या. त्या दिवशी मी मांड्या घट्ट आवळून बसले होते.

"खरंच दाखवा हो त्यांना," काकू म्हणाल्या. "दोन-दोनदा म्हणजे काय!"

"शनिवारी नेतोच आहोत. पिशवीच काढून टाकायची, कटकट मिटेल." आत्या दुसरा पाय धूत बोलत होती. "आणि बसते कधी माहितीय का? नेमकी सण बघून. नागपंचमीला बसली. गणपती बोळवायच्या दिवशी बसली. आज अष्टमी, आज बसली. मधे एरवीचं असतंच. मला तर वाटतं काम चुकवायला करते."

नागपंचमीला मी झोपाळ्यावरून उतरून घरी पळत आले होते आणि आईनं दाराला कडी घातली होती.

गणपती बोळवायच्या दिवशी सगळी कॉलनी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली होती. मी पोट दुखतंय म्हणून घरी पडून राहिले होते. पोट खरंच दुखत होतं.

आणि आज.

मी फार हुशार मुलगी नव्हते, पण एवढं मला जुळलं. मला आली की आई बसायची. कापडं तर धुवावी लागणार, वाळत घालावी लागणार आणि आत्याच्या नजरेतून काही सुटणार नाही. म्हणून ती माझी कापडं स्वतःची म्हणून दोरीवर घालायची आणि त्यांच्याबरोबर स्वतः जाऊन गोणपाटावर बसायची. वर तिची स्वतःची यायची, तेव्हा परत बसायची. तिच्या पोटातलं काही बिघडलं नव्हतं. त्या पिशवीला काहीही झालं नव्हतं.

आत्यानं परातीतलं पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटले, "आई जगदंबे," म्हणाली आणि प्यायली. मग तिनं माझ्या पायांवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि पायांवर डोकं ठेवलं. तिच्या पांढऱ्या भांगाचा स्पर्श मला झाला. मी गप्प राहिले असते तर ती पुढच्या वर्षीही तशीच वाकली असती. मला ते हवं होतं. खरंच हवं होतं.

"आत्या, ती कापडं माझी आहेत."

तिनं डोकं वर केलं. "कसली गं?"

"दोरीवरची. मला येते पाळी. आत्ता पण आलीय." माझा आवाज चिरका झाला होता. "आईला नाही आलेली. ती माझ्यासाठी बसते. तिची पिशवी काढू नका."

"काय आलंय?" सोनलनं विचारलं.

आत्या आधी हसली. पोरीनं काहीतरी ऐकलंय आणि बडबडतेय, असं तिला वाटलं असावं. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग नाडगौडा काकूंकडे. काकूंनी तोंडावर पदर घेतला होता आणि त्यांचे डोळे चकाकत होते. इतका चविष्ट दिवस त्यांच्या वाट्याला पुष्कळ वर्षांत आला नसेल.

आत्याचे ओठ अजून ओले होते. तिनं ते पदरानं पुसले. परत पुसले, जोरात, कातडं निघावं इतक्या जोरात. मग ती उठली, भेलकांडत मोरीकडे गेली आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. तिनं घशात बोटं घातली होती. सकाळपासून उपाशी होती ती, पोटात त्या पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी ती काढत राहिली. ओकारी, मग चूळ, मग परत बोटं.

इतके महिने मला वाटत होतं, माझी किळस फक्त मलाच येते आणि माझ्याइतकी कुणाला येणारच नाही. चूक होतं ते. आणि मोरीतला तो आवाज ऐकता ऐकता एक झालं. मला माझी किळस येईना. तिची आली. दूध आणि माती आणि माझ्या पायाचा मळ ती डोळे मिटून प्यायली होती, त्याचं तिला काही नव्हतं, आणि जे तिच्या तोंडात गेलंच नव्हतं ते ती ओकून काढत होती. त्यानंतर आत्या पुष्कळ वर्षं जगली. शेवटी शेवटी तिचं अंथरुणातलं सगळं मीच केलं. पण तो आवाज काही माझ्या कानातून गेला नाही.

"उठा गं पोरींनो, उठा!" नाडगौडा काकू पोरींना खेचायला लागल्या. "तिच्या अंगाला लागू नका!"

मी पाटावरून उठले. आत्या मोरीच्या दारात आली, तोंडातून लाळ गळत होती. "तिथंच थांब! कशाला शिवू नकोस! बाळू येऊ दे घरी!" अप्पांना ती बाळूच म्हणायची.

मी थांबले नाही. मला अडवायचं तर शिवावं लागलं असतं, आणि ते त्या घरात त्या क्षणी कुणालाही जमणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीही हात लावू शकत नव्हतं. मी सावकाश स्वयंपाकघरात गेले. पुरणाच्या पातेल्याला हात लावला. पोळपाटाला लावला. पाण्याच्या हंड्याला, तुपाच्या वाटीला, नैवेद्याच्या पानाला. एकही भांडं सोडलं नाही. मागून आत्या किंचाळत होती आणि प्रत्येक किंचाळीबरोबर मला आणखी एखादं भांडं दिसत होतं.

आई पडवीत उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या शेजारी जर्मनचं ताट होतं, लांबून सरकवलेलं, त्यात सकाळची गार भाकरी तशीच होती. मी तिच्या गोणपाटावर जाऊन बसले. ती सवयीनं मागं सरकली, कुणी आलं की सरकायचं म्हणून. मग तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसून माझ्या जवळ आली.

"उल्के, काय केलंस हे?"

"तुला आली नव्हती ना?"

तिनं भाकरीचं ताट बाजूला सरकवलं.

"ते पोट फाडणार होते तुझं."

"फाडत नाहीत गं. भूल देतात."

"तू नाही का म्हणाली नाहीस?"

"नाही म्हणायचं, तर का नाही तेही सांगायला लागलं असतं." तिनं माझे पाय मांडीवर घेतले आणि कुंकू पदरानं पुसायला लागली. ओलं होतं, फिसकटत होतं, तिच्या बोटांना लागत होतं. "मग उद्यापासून तू इथं बसली असतीस. नऊ वर्षांची पोर."

"म्हणजे जाणार होतीस तू? शनिवारी?"

आत अप्पांना बोलवायला कुणालातरी पिटाळत होते. भांडी बाहेर फेकल्याचा आवाज येत होता. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझा पाय पुसत होती.

"जायचं तर मनाशी धरलंच होतं," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. पिशवी गेल्यावर तुझी कापडं कुणाची म्हणून वाळत घालायची, तेवढंच सुचत नव्हतं."